रामटेकची टेकडी पायी चढताना : नवख्यांसाठी मार्गदर्शन

नागपूर जिल्ह्यातील रामटेकला वर्षभर लोकांची ये-जा असते. परंतु त्यांतील बहुतेकांची गाडी थेट टेकडीवरच्या वाहनतळापर्यंत जाते, गडमंदिरात, म्हणजे माथ्यावरच्या राम-लक्ष्मणांच्या मंदिरांत, दर्शन होते, वानरांसोबत एखादे छायाचित्र निघते आणि दीड-दोन तासांत गाडी पुन्हा नागपूरच्या रस्त्याला लागते. दर्शनापुरते हे ठीक आहे. टेकडी पाहायची असेल, तर मात्र ती पायीच चढावी लागते, कारण या टेकडीवरची सर्वांत जुनी आणि सर्वांत मोलाची ठिकाणे वाहनतळ आणि मुख्य मंदिर यांच्या आजूबाजूला, लोकांच्या घाईच्या वाटेपासून जेमतेम काही पावले बाजूला आहेत, आणि घाईतल्या माणसाला ती दिसत नाहीत. पुढे सुचवलेला क्रम, म्हणजे अंबाळा तलावाकडून चढणे, गडावर निवांत फिरणे आणि गावाच्या बाजूने उतरणे, हा ज्यांनी आजवर एकही टेकडी ठरवून चढलेली नाही अशा वाचकांसाठी आहे. गिर्यारोहणाचा अनुभव येथे लागत नाही. सकाळी लवकर निघण्याची तयारी आणि थांबत चालण्याची सवय एवढे पुरते.

केव्हा जावे

विदर्भाच्या उन्हाळ्याशी ज्यांची ओळख नाही, त्यांनी ही गोष्ट सर्वांत आधी ध्यानात घ्यावी. मे महिन्यात नागपूर परिसरात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, सकाळी नऊनंतर उघड्यावरच्या दगडी पायऱ्या तापू लागतात, आणि नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत तर स्थानिक माणूसही दुपारी घराबाहेर पडत नाही. एप्रिल ते जूनचा मध्य या काळात जाणे अगदीच अपरिहार्य असेल, तर उजाडताच चढ सुरू करावा आणि नऊच्या सुमारास खाली सावलीत यावे. डोके दुखणे, मळमळणे, चक्कर येणे आणि घाम अचानक थांबणे ही ऊन लागल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी ‘थोडेच राहिले आहे’ असे म्हणत पुढे चढत राहू नये. सावलीत बसून मानेवर, काखेत ओला कपडा ठेवावा, माणूस शुद्धीवर असेल तर मीठ-साखरेचे पाणी थोडे थोडे पाजावे आणि त्याला खाली आणण्याची व्यवस्था करावी. बोलणे असंबद्ध झाले किंवा शुद्ध हरपू लागली, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रामटेक हे तालुक्याचे ठिकाण असल्याने सरकारी दवाखाना गावातच आहे.

पावसाळ्याचे आकर्षण वेगळे. साधारण जूनच्या मध्यानंतर पाऊस विदर्भात स्थिरावतो आणि आषाढ-श्रावणात ही टेकडी पायथ्यापासून माथ्यापर्यंत हिरवी होते. कालिदासाच्या ‘मेघदूता’तील यक्ष ज्या रामगिरीवर वर्षभराच्या शापाचे दिवस कंठत होता, तो रामगिरी म्हणजे हीच टेकडी, असे संस्कृत आणि प्राचीन लेखांचे अभ्यासक महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. छत्तीसगडमधील सरगुजा भागातील रामगढचा दावाही काही अभ्यासक करतात. परंतु आषाढाच्या आरंभी गडाच्या तटावर उभे राहून दक्षिणेकडून येणारे ढग पाहिलेल्या माणसाला मिराशींचे म्हणणे पटवून द्यावे लागत नाही. अर्थात पावसाळ्यात दोन धोके आहेत. पहिला शेवाळाचा : अंबाळ्याचे घाट आणि झाडांच्या सावलीतल्या पायऱ्या इतक्या निसरड्या होतात की गुळगुळीत तळव्याच्या चपलेने त्यांवर चालणे म्हणजे पाय मोडून घेण्याची तयारी. दुसरा धोका विजेचा. सपाट धानपट्ट्यातून एकट्याच वर आलेल्या या टेकडीच्या माथ्यावर, उघड्या तटावर किंवा एकट्या झाडाखाली मेघगर्जनेच्या वेळी उभे राहू नये. विजेची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ हे ॲप निघण्यापूर्वी मोबाइलमध्ये घेऊन ठेवावे, आणि गडगडाट ऐकू येताच उघडी जागा सोडून पक्क्या इमारतीत जावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथेच थांबणे शहाणपणाचे.

नवख्या माणसाला मात्र कार्तिक ते माघ, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा आरंभ, हेच दिवस सुचवावेसे वाटतात. हवा कोरडी आणि सकाळी बऱ्यापैकी थंड असते, पायऱ्या सुकलेल्या असतात, खाली धानाची कापणी आणि मळणी चाललेली दिसते, आणि नागपूरच्या बाजारात आंबिया बहाराची संत्री आलेली असल्याने शिदोरीचा एक भाग आपोआप ठरतो. फक्त त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास जायचे असेल, तर गर्दीसाठीच जावे. त्या यात्रेत शिल्पे पाहण्याची अपेक्षा ठेवू नये. रामनवमीचेही तेच. एरवी रविवार टाळला तरी टेकडी निम्मी मोकळी मिळते.

नागपूरहून पायथ्यापर्यंत

रामटेक नागपूरच्या ईशान्येला सुमारे ५० किलोमीटरवर आहे. नागपूर-जबलपूर महामार्गाने कामठी, कन्हान करत मनसरपर्यंत यायचे आणि तेथून उजवीकडे वळायचे. नागपूरच्या गणेशपेठ बसस्थानकावरून एसटीच्या गाड्या मिळतात, आणि इतवारी स्थानकावरून रामटेकपर्यंत रेल्वेचा फाटाही आहे. रेल्वेच्या फेऱ्या मोजक्या असल्याने वेळ आदल्या दिवशी पाहून ठेवावी. स्वतःचे वाहन असल्यास ते गावातच लावावे, असा आग्रह येथे धरावासा वाटतो; वाहन वर नेले की उतरताना पुन्हा त्याच वाटेने यावे लागते आणि टेकडीची दुसरी बाजू पाहायची राहते.

बसस्थानकाजवळ चहा-नाश्ता उरकून घ्यावा. गरम आलूबोंडा किंवा तर्री-पोहे (झणझणीत रस्सा घातलेले पोहे) चढापूर्वी पोटभर खाण्याचा मोह आवरता आला तर उत्तम, कारण तर्रीचा परिणाम पन्नास पायऱ्यांनंतर कळतो. तेथून अंबाळ्यापर्यंत ऑटो मिळतो. टेकडीला वळसा घालून जाणारा हा रस्ता पायी चालायलाही वाईट नाही. पण ज्यांना संपूर्ण दिवस पायांवर काढायचा आहे, त्यांनी ही ताकद वाचवून ठेवावी.

सोबत काय असावे

माणशी किमान दोन लिटर पाणी, उन्हाळ्यात तीन. डोक्याला दुपट्टा. खडबडीत तळव्याचे, सहज काढता-घालता येणारे जोडे, कारण मंदिरांत ते वारंवार काढावे लागतात. एक जाडसर मोज्यांची जोडी सोबत ठेवावी. मार्चनंतर दुपारी मंदिराच्या फरसबंदीवर अनवाणी चालताना तिची किंमत समजते. लहान विजेरी हवीच, कारण जुन्या मंदिरांच्या गाभाऱ्यात भर दिवसाही अंधार असतो. खाण्यात पोळी-भाजी, फुटाणे, गूळ असे कोरडे पदार्थ असावेत आणि ते सर्व चेन असलेल्या, पाठीवर घट्ट बसणाऱ्या पिशवीत असावेत.

या शेवटच्या सूचनेचे कारण म्हणजे टेकडीवरची काळतोंडी वानरे. माणसाच्या हातातील प्लास्टिकची थैली म्हणजे खाणे, हे समीकरण त्यांना पिढ्यान्पिढ्या माणसांनीच शिकवले आहे. पायऱ्यांच्या तोंडाशी नारळ-फुटाणे विकणाऱ्या बायाही नवे गिऱ्हाईक पाहून आधी तेच सांगतात, “भाऊ, थैली लपवून घ्या, वांदरं हायेत वर.” वानर अंगावर आलेच तर थैली सोडून द्यावी, ओढाताण करू नये, दात दाखवून हसू नये, डोळ्याला डोळा भिडवू नये, आणि पिलू असलेल्या मादीपासून दूर राहावे. चावा किंवा ओरखडा बसला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारावे. वानरांना खायला घालणे हे पुण्यकर्म नाही. त्याने त्यांची आणि आपल्या मागून येणाऱ्यांची, दोघांचीही अडचण वाढते.

अंबाळ्यापासून चढ

अंबाळा हा टेकडीच्या कुशीत, तीन बाजूंनी डोंगरधारेने वेढलेला तलाव आहे. काठावर दगडी घाट आणि लहान-मोठी मंदिरे ओळीने उभी आहेत. येथे पितरांची कार्ये चालतात, त्यामुळे घाटावर एखादे कुटुंब विधीसाठी बसलेले असेल तर छायाचित्रे काढू नयेत आणि थोडे अंतर राखून पुढे जावे. पाण्यात उतरण्याचे काही कारण नाही. घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असते. सकाळी लवकर आल्यास मंदिरांच्या कळसांचे प्रतिबिंब स्थिर पाण्यात मिळते, आणि आपल्याला कोठवर चढायचे आहे याचा अंदाजही येथूनच येतो. टेकडीचा माथा पायथ्यापासून साधारण दीडशे मीटर उंच आहे, म्हणजे सह्याद्रीतल्या गडांच्या हिशेबाने किरकोळच. पण सपाट मुलखात वाढलेल्या पायांना तोही जाणवतो.

पायऱ्यांची वाट ठळक असून चुकण्यासारखी नाही. नवख्या माणसाची नेहमीची अडचण अशी की, सुरुवातीच्या पायऱ्या तो उत्साहात भराभर चढतो आणि मग छाती भरून येते. त्यावर उपाय साधा आहे : शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढाच वेग ठेवावा. बोलताना धाप लागू लागली की थांबावे, पण बसू नये. उभ्यानेच दोन-चार घोट पाणी प्यावे आणि श्वास जागेवर आला की पुढे निघावे. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी पायरीवर पूर्ण तळवा टेकवावा. असे चालले तर साधारण प्रकृतीचा माणूस अर्ध्या-पाऊण तासात वर पोहोचतो, आणि त्याहून लवकर पोहोचण्यात काही विशेष नाही.

चढताना आजूबाजूचा दगड पाहावा. कित्येक ठिकाणी तो तांबूस आहे, आणि फुटलेल्या कडेला तर त्याचा रंग शेंदराकडे झुकतो. या टेकडीला जुन्या लेखांत सिंदूरगिरी म्हटले आहे, आणि हिरण्यकशिपूच्या रक्ताने हा डोंगर लाल झाला अशी आख्यायिका आहे. भूगर्भाच्या दृष्टीने हा मुलूख मँगनीजच्या पट्ट्यात येतो. मनसर आणि कांद्री येथील ‘मॉईल’ या सरकारी मँगनीज कंपनीच्या खाणी येथून फार दूर नाहीत. झाडोऱ्यात सीताफळ सर्वत्र दिसते आणि पळस अधूनमधून. फाल्गुनात आलात, तर निष्पर्ण टेकडीवर पळसाची केशरी फुले तेवढी उठून दिसतात. पायऱ्या सोडून झुडपांत शिरू नये, विशेषतः पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत, कारण सापांचा वावर असतो. झाडांना किंवा जुन्या भिंतींच्या वळचणीला आग्या मोहोळ लटकलेले दिसले तर तेथे मोठ्याने ओरडणे, दगड मारणे आणि विडी-सिगारेट पेटवणे पूर्ण टाळावे. उग्र अत्तरही त्या दिवशी घरीच राहू द्यावे.

नृसिंहाची दोन मंदिरे

पायऱ्या संपून गडाच्या बाहेरच्या दरवाजाकडे जाताना, तटाच्या अलीकडेच दोन लहान दगडी मंदिरे लागतात : केवल नृसिंह आणि रुद्र नृसिंह. सपाट छताची, शिखर नसलेली, बाहेरून अगदी साधी दिसणारी ही मंदिरे पाहून बहुतेक लोक त्यांना गडाचे काही तरी जुने कोठार समजून पुढे जातात. माझ्या मते, रामटेकला एकच वास्तू पाहण्याइतका वेळ असेल, तर मुख्य मंदिरही क्षणभर बाजूला ठेवून येथे थांबावे. ती वाकाटककालीन, म्हणजे विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक राजघराण्याच्या काळातील, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची आहेत. विदर्भात एवढी जुनी आणि अजून उभी असलेली मंदिरे फार थोडी सापडतात.

आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे आणि मगच विजेरी लावावी. गाभाऱ्यात पुरुषभर उंचीची, लाल दगडात कोरलेली नृसिंहाची बैठी मूर्ती आहे. एक गुडघा वर उचललेला, उजव्या हातात चक्र, आणि चेहरा सिंहाचा असूनही क्रोधाचा मागमूस नाही. हिरण्यकशिपूला मांडीवर घेऊन पोट फाडणारा नृसिंह सर्वांच्या परिचयाचा आहे. येथे तो काम आटोपून निवांत बसलेल्या धन्यासारखा दिसतो. विजेरीचा झोत समोरून न टाकता एका बाजूने, मूर्तीच्या खांद्यालगत टाकला, तर आयाळीच्या बटा आणि छातीचा फुगीरपणा नीट उठून दिसतो. कोणत्याही शिल्पासाठी ही युक्ती चालते.

केवल नृसिंह मंदिराच्या मंडपाच्या भिंतीत एक शिलालेख आहे. चुन्याच्या थरांखाली तो शतकानुशतके दडलेला होता आणि १९८० च्या दशकात अभ्यासकांसमोर आला. लेख खंडित आहे आणि सामान्य वाचकाला तो वाचता येणार नाही, परंतु अक्षरे जवळून पाहावीत : प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर छिन्नीने कोरलेला एक बारीक चौकोन दिसतो. वाकाटकांच्या लेखांची ही खास ओळख असून अभ्यासक तिला पेटिकाशीर्षक लिपी म्हणतात. लेखाचा विषय वाकाटक राजघराण्याशी, विशेषतः राणी प्रभावतीगुप्तेच्या कुटुंबाशी संबंधित आहे. प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या आणि वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाची पत्नी. पतीच्या अकाली निधनानंतर चौथ्या शतकाच्या अखेरीस आणि पाचव्याच्या आरंभी तिने अल्पवयीन मुलांच्या वतीने राज्य चालवले. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे मिळालेला तिचा ताम्रपट ‘रामगिरिस्वामीच्या पादमूलापासून’, म्हणजे याच टेकडीवरच्या देवाच्या पावलांपासून, दिलेला आहे. ज्या दगडी उंबऱ्यावरून आपण आत आलो, त्या परिसरात ही राणी देवदर्शनाला येत असे, असे मानायला त्यामुळे भक्कम आधार मिळतो.

भिंतींना, विशेषतः अक्षरांना, हात लावू नये. बोटांचा घाम आणि तेल दगडाला वर्षानुवर्षे खात राहते. नावे कोरण्याविषयी वेगळे सांगायला नको होते, पण जुन्या खांबांवरची बदामाची चित्रे पाहिली की सांगावे लागते. संरक्षित स्मारकाची अशी नासधूस हा कायद्याने गुन्हा आहे.

गडाच्या आत

बाहेरचा दरवाजा ओलांडला की वराहाची भलीमोठी, एकसंध दगडातील मूर्ती दिसते. हा मानवी देहाचा वराह नाही. चार पायांवर उभा असलेला, अंगाने भरलेला खराखुरा रानडुक्कर आहे. त्याच्या पोटाखालून सरपटत पलीकडे जाणारा निष्पाप आणि अडकणारा पापी, अशी भाविकांची समजूत आहे. जाडजूड माणसांच्या दृष्टीने हा निकष अन्यायाचा असल्याने पाठदुखी असणाऱ्यांनी आणि अंगाने भरलेल्यांनी या परीक्षेला बसू नये. अडकल्यावर आजूबाजूचे लोक मदत करतात, पण आधी हसून घेतात.

पुढे सिंगपूर दरवाजा, भैरव दरवाजा आणि गोकुळ दरवाजा अशा एकामागून एक दारांतून वाट वर जाते. तटबंदीचा पुष्कळसा भाग नागपूरकर भोसल्यांच्या काळातील असून राम आणि लक्ष्मण यांची मुख्य मंदिरे त्याहून जुनी, यादवकाळाकडे जाणारी आहेत. लक्ष्मण मंदिरात यादव राजा रामचंद्राच्या काळातील एक शिलालेख आहे. तो फार झिजला आहे, पण टेकडीवरच्या आणि आसपासच्या तीर्थांची नावे त्यात नोंदलेली आढळतात. एका अर्थी ही तेराव्या शतकातली स्थलदर्शिकाच, आणि आपण आज करतो आहोत तशी तीर्थांची फेरी त्या काळीही होत असे, एवढे त्यावरून नक्की होते. मंदिरात मोबाइल आणि कॅमेऱ्याविषयी पुजाऱ्यांना आधी विचारावे. दुपारी काही वेळ दारे बंद राहू शकतात, म्हणून साडेदहा-अकरापर्यंत दर्शन उरकलेले बरे.

दर्शनानंतर मंदिरांच्या मागे गडाच्या पश्चिम टोकापर्यंत जावे. खाली रामटेक गावाची कौले आणि पत्रे, त्यापलीकडे धानाच्या बांध्यांची चौकट, पावसाळ्यानंतर पाण्याने भरलेली लहान-मोठी तळी, आणि उत्तरेला पेंचच्या जंगलाकडे जाणाऱ्या निळसर डोंगररांगा असा देखावा येथून दिसतो. खिंडसीच्या जलाशयाचे पाणीही गडावरून नजरेत येते. कठड्यावर बसून छायाचित्र काढण्याचा हट्ट धरू नये. तटाच्या बाहेर कडा सरळ खाली जातो, आणि कठड्यावर बसलेल्या माणसाच्या खांद्यावरून चष्मा पळवणे हा वानरांचा आवडता उद्योग आहे.

वेळ आणि पाय दोन्ही शिल्लक असतील, तर परतताना कालिदास स्मारकात जावे. वर्तुळाकार दालनात कवीच्या काव्यांतील प्रसंगांची चित्रे लावली आहेत. चित्रांविषयी मतभेद होऊ शकतात, पण बसायला सावली आणि वाहता वारा मिळतो. त्रिविक्रमाची, म्हणजे पाऊल उचललेल्या विष्णूची, भग्न मूर्ती आणि भोगराम मंदिर शोधण्यासाठी मात्र विचारत जावे लागेल. पाट्यांवर विसंबू नये. त्रिविक्रमाचे हात आणि उचललेला पाय तुटलेले आहेत, तरीही धडाचा तोल आणि अलंकारांची नजाकत पाहून वाकाटकांच्या शिल्पकाराची जात कळते. भोगरामाचे स्थान महानुभाव पंथीयांना पवित्र आहे, कारण चक्रधरस्वामींचे वास्तव्य येथे झाल्याचे ते मानतात. तेथे पंथाचे लोक उपासनेत असतील, तर शांतपणे बाहेर थांबावे.

उतरताना

गावाच्या बाजूच्या पायऱ्यांनी उतरावे. चढण्यापेक्षा उतरणे सोपे, ही समजूत गुडघ्यांनी खोटी ठरवलेली आहे. पाऊल किंचित तिरके टाकावे, गुडघा पूर्ण ताठ करू नये आणि मुलांना पायऱ्यांवर धावू देऊ नये. सूर्यास्तानंतर रेंगाळू नये.

पायथ्याशी आल्यावर दोन ठिकाणे पाहण्यासारखी आहेत. शांतिनाथांचे दिगंबर जैन मंदिर मोठे आणि नांदते आहे. तेथील उभी भव्य मूर्ती आणि दगडावरची नक्षी निवांतपणे पाहावी, चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवाव्यात. जवळच कापूर बावली आहे. ओवऱ्यांनी वेढलेली ही पायविहीर अनेकांच्या यादीत नसते, त्यामुळे तेथे बहुधा आपणच असतो. खालच्या पायऱ्यांवर, पाण्याच्या अगदी काठाशी उतरू नये.

गावात शिरल्यावर एक पान खावे. रामटेकच्या पानाची ख्याती जुनी आहे. बारई समाजाने पिढ्यान्पिढ्या जोपासलेले पानतांडे, म्हणजे पानवेलींचे मळे, आता पूर्वीइतके राहिले नाहीत. एखादा दिसलाच, तर न विचारता आत शिरू नये, कारण पानवेलीला पाहुण्यांच्या पायांची आणि थेट पडणाऱ्या उन्हाची दोन्हींची बाधा होते. मालकाला विचारल्यास तो बहुधा स्वतःच आत नेऊन दाखवतो, आणि विकत घेतलेली पाने ओल्या फडक्यात गुंडाळून देतो.

टेकडीभोवतीचा परिसर

एका दिवसात टेकडी आणि परिसर दोन्ही उरकण्याचा प्रयत्न केला, तर दोन्ही अर्धवट राहतात. दुसरा दिवस काढता आला, तर गावातच धर्मशाळेत किंवा लॉजवर मुक्काम करावा आणि नगरधन व मनसर यांच्यासाठी सकाळ मोकळी ठेवावी.

नगरधन रामटेकच्या दक्षिणेला, काही किलोमीटरवर आहे. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच, असे अभ्यासक मानतात. अलीकडे पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्य पुरातत्त्व विभागाने येथे केलेल्या उत्खननात प्रभावतीगुप्तेची मातीची मुद्रा मिळाली, तेव्हा या मताला मोठे बळ आले. गावात आज जो किल्ला दिसतो तो मात्र फार नंतरचा आहे. आत जमिनीखाली उतरत जाणारे देवीचे स्थान आहे. तेथे वाकून जावे लागते आणि विजेरी पुन्हा उपयोगी पडते. किल्ल्याच्या तटावर चढून उत्तरेकडे पाहावे. रामटेकची टेकडी समोर पूर्ण दिसते. ज्यांनी आदल्या दिवशी ती चढलेली असते, त्यांना राजधानी आणि देवस्थान यांमधले अंतर आणि नाते येथे एकदम उमगते. म्हणूनच नगरधन आधी न पाहता टेकडीनंतर पाहावे.

मनसरला महामार्गालगतच्या तलावाजवळ हिडिंबा टेकडी आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून झालेल्या उत्खननात येथे विटांचे प्रचंड बांधकाम उघडे पडले. वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाने वसवलेल्या प्रवरपुराशी आणि तेथील प्रवरेश्वराच्या मंदिराशी पुष्कळ अभ्यासक त्याची सांगड घालतात. विटांच्या थरांवर चढू नये, आखलेल्या वाटेनेच फिरावे. दीड हजार वर्षांच्या विटेची कड एका बुटाने सुटते. याच टेकडीवर १९७२ साली सापडलेली शिवाची हसरी, गुबगुबीत मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, त्यामुळे ती येथे शोधत बसू नये. सावली कमी असल्याने मनसर सकाळी दहाच्या आत पाहून घेणे सोयीचे.

खिंडसीचा तलाव सूर नदीवरचा असून तेथे नौकाविहाराची सोय आहे. मुले सोबत असतील, तर दोन दिवसांच्या दगड-धोंड्यांनंतर त्यांची समजूत काढण्यासाठी तो उपयोगी पडतो. एरवी हिवाळ्यात पाणपक्षी पाहण्यासाठी दुर्बीण घेऊन भल्या पहाटे जाणाऱ्यांनाच त्याचा खरा लाभ होतो.

परतीसाठी रामटेकला पुन्हा येण्याची गरज नाही. शेवटचे ठिकाण मनसर ठेवले, तर महामार्गावरच जबलपूर, शिवनी, देवलापार या बाजूंनी नागपूरकडे जाणाऱ्या गाड्या मिळतात. रामटेकहून नगरधनला जाताना ठरवलेल्या ऑटोवाल्याशी मनसरपर्यंतचे भाडे आणि थांबण्याचा वेळ आधीच बोलून घ्यावा, कारण नगरधनहून परतीचे वाहन ऐन वेळी मिळेलच असे नाही, आणि दुपारी दोनच्या उन्हात फाट्यावर उभे राहणे टेकडी चढण्यापेक्षा जड जाते.